शब्दचर्चा : ‘हीलिंग’ला मराठीत काय म्हणावे?

डिचोलीहून :
घरातले माणूस अचानक गेलेल्या बायका आम्ही महिन्यातून एकदा एकत्र बसतो. त्यासाठी छोटे पत्रक काढायचे आहे. ‘ट्रॉमा’ला ‘मानसिक आघात’ आणि ‘हीलिंग’ला ‘उपचार’ असे कोणीतरी करून दिले. वाचून एक वहिनी म्हणाल्या, ‘उपचार डॉक्टर करतो गो, मला काय झालंय?’ ‘सावरणे’ चालेल का?

फोंड्याहून :
ताई, ‘उपचार’ नकोच. ‘आघात’ही तोकडा पडतो. आघात म्हणजे घाव घालणे, ते क्षणात उरकते. ‘ट्रॉमा’ मूळ ग्रीक, अर्थ जखम. घाव घालणारा निघून गेल्यावर जे राहते ते. मला ‘धसका’ जवळचा वाटतो. आघात होतो, धसका बसतो, आणि बसला की उठता उठत नाही.
‘सावरणे’वर माझा राग आहे. पदर सावरतात, तोल सावरतात. पडता पडता, लोकांनी बघायच्या आत करायची गोष्ट ती. आई गेली तेव्हा बाराव्यालाच ‘सावर आता’ सुरू झाले होते. मला ते ‘पदर नीट घे’ असेच ऐकू यायचे.

मडगावहून :
‘भरून येणे’ घ्या. नुकसान भरून काढतात, तिथे काढणारा कोणीतरी लागतो. जखम भरून येते, आतून, तिच्या वेळेने. गंमत म्हणजे ऊरही भरून येतो, आभाळही. रडू दाटण्याला आणि जखम बरी होण्याला मराठीने एकच क्रियापद ठेवले आहे.
(निधनवार्तेतली ‘भरून न येणारी पोकळी’ मात्र आता नुसता छापील मजकूर झाली आहे.)

चोडणहून :
‘अश्रूंचा बांध फुटला’ सगळेच लिहितात. आम्हा खाजनातल्यांना, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांतल्यांना, बांध फुटणे म्हणजे काय ते ठाऊक. नदीचे खारे पाणी शेतात शिरते. मग गाव जमून बांध घालतो, मानशीला, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या झडपेला, नवी दारे बसवतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटते, झाले पूर्ववत. मातीत मीठ राहिलेलेच असते. ते पावसाने धुऊन निघावे लागते आणि एका पावसाने भागत नाही. कोरगूट भात तेवढे खारटपण सोसते, म्हणून आधी तेच पेरायचे. ‘पुन्हा उभे राहणे’, ‘उभारी’ हे शब्द मला त्या बांधासारखे वाटतात. खोटे नाहीत, पण शेताबद्दल काही सांगत नाहीत.

डिचोलीहून :
सर्वांचे आभार. ‘जखम भरून आल्यावर’ असा मथळा करून वहिनींना वाचून दाखवला. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘आल्यावर नको गो, येताना लिही.’ तसेच छापायला दिले आहे.