गल्लीतल्या भरधाव गाड्या: रहिवासी संघाने स्पीड ब्रेकर मागावा का, आणि कसा?

नवा_सचिव (प्रश्न)

आमच्या रहिवासी संघाच्या सभेत सध्या एकच विषय गाजतोय: रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या. रस्ता साधारण ३५० मीटर लांब, ७ मीटर रुंद, सरळसोट. दोन्ही टोकांना मोठे रस्ते, मधोमध बालवाडी आणि बाग. सह्यांचं निवेदन दिलं होतं, पण "मागणीच्या पुष्ट्यर्थ माहिती जोडावी" असा शेरा मारून अर्ज परत आला.

काही सभासदांचं म्हणणं, सिमेंटची चार पोती आणू आणि आपणच ब्रेकर घालू. काहींना ब्रेकर हवाय, पण स्वतःच्या दारासमोर नकोय. स्पीड गन नसताना वेग कसा मोजायचा? आणखी कोणती माहिती गोळा करायची? ब्रेकर किती आणि कुठे मागायचे, की दुसरंच काही मागायचं? जाणकारांनी तपशिलात सांगावं.

मोजपट्टी

शेरा रास्त आहे. सह्यांवरून लोक वैतागलेत एवढंच कळतं, गाड्या किती वेगाने जातात ते कळत नाही. आणि मोजायला स्पीड गन लागत नाही.

रस्त्याच्या मधल्या भागात, वळणापासून आणि चौकापासून लांब, टेपने ५० मीटर अंतर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने रस्त्याच्या आडव्या रेघा मारा. एक जण पहिल्या रेघेपाशी उभा राहतो आणि गाडीची पुढची चाकं रेघेवर आली की हात खाली करतो. दुसरा शेवटच्या रेघेपाशी स्टॉपवॉच घेऊन असतो. दोघांनीही रेघेच्या अगदी सरळ रेषेत उभं राहायचं, तिरकं पाहिलं की मोजमाप चुकतं. १८० ला सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर मिळतात: ६ सेकंद म्हणजे ३०, साडेचार म्हणजे ४०, ३.६ म्हणजे ५०. अंतर ५० मीटरच ठेवा. हाताच्या मोजणीत ०.२ सेकंदाची चूक धरून चालावी लागते. ५० च्या वेगाला त्यामुळे ३ किलोमीटरच्या आतबाहेर फरक पडतो, पण अंतर २० मीटर घेतलं तर तोच फरक ७ वर जातो आणि आकडे कुणी मान्य करणार नाही. वरच्या मजल्यावरून दोन्ही रेघा दिसत असतील तर मोबाइलवर चित्रण करून फ्रेम मोजणं त्याहून बिनचूक.

निदान १०० गाड्या मोजा, दोन्ही दिशांच्या वेगळ्या. दिवस कामाचा आणि कोरडा असावा. गर्दीची वेळ टाळा, कारण तुंबलेल्या रस्त्यावरचा वेग काहीच सांगत नाही. दुसऱ्या गाडीच्या मागे अडकलेली गाडी मोजू नका. "ही जोरात आली, हिची नोंद घे" असं तर अजिबात करू नका, नाहीतर सगळी यादीच पक्षपाती होते. मोजणारे लोक झाडाआड किंवा कुंपणाच्या आत हवेत, रस्त्यावर घोळका दिसला की चालक आपोआप सावकाश जातात.

मग सगळे वेग चढत्या क्रमाने लावा. शंभरांतला ८५ वा आकडा महत्त्वाचा, वाहतूक अभियंते सरासरीपेक्षा त्यालाच जास्त वजन देतात. ८५ टक्के गाड्या त्या किंवा त्याहून कमी वेगाने जातात, असा त्याचा अर्थ. वेगमर्यादा ३० असताना तो ४४ आला तर अर्जाला धार येते. ३१ आला, तर गाड्या भरधाव वाटतात पण तशा नाहीत, आणि खरा त्रास कदाचित संख्येचा, हॉर्नचा किंवा फुटपाथ नसल्याचा आहे. असं निघालं तर मागणी बदला.

दुसरी मोजणी बहुतेक संघ करतच नाहीत: गाड्या कुणाच्या? दोन्ही टोकांना एकेक जण बसवा आणि तासभर प्रत्येक गाडीच्या क्रमांकाचे शेवटचे तीन अंक व वेळ लिहा. एका टोकाला शिरून दीड-दोन मिनिटांत दुसऱ्या टोकाने बाहेर पडलेली गाडी आडवाटेने जाणारी, बाकीच्या गल्लीतल्याच. आडवाटेच्या गाड्या निम्म्याहून जास्त निघाल्या तर नुसत्या ब्रेकरने भागणार नाही. आणि भरधाव जाणारे आपलेच सभासद निघाले तर सुरुवात सभेतूनच करावी लागेल. अंक जुळवून झाले की ते कागद फाडून टाका, क्रमांक गटावर टाकू नका.

डांबरखडी

सिमेंटची पोती आणूच नका. हाताने घातलेला ब्रेकर साधारण ३०–४० सेंटिमीटर रुंद आणि १२–१५ उंच होतो. त्याने सायकलवाला आपटतो, रुग्णवाहिकेतला पेशंट हादरतो. उलट चांगल्या सस्पेन्शनची गाडी तो जोरात ओलांडते तेव्हा चाक वर जाऊन खाली येईपर्यंत वरचा सांगाडा हललेलाही नसतो. म्हणजे हळू जाणाऱ्याला शिक्षा आणि जोरात जाणाऱ्याला माफी. रात्री कुणी पडलं तर जबाबदारी घालणाऱ्यांवर येते ते वेगळंच.

१९७० च्या दशकात ब्रिटनच्या सरकारी रस्ते प्रयोगशाळेने याच दोषावर प्रयोग करून लांबट गोलाई ठरवली: प्रवासाच्या दिशेने ३.७ मीटर लांब, मध्यभागी ७.५ ते १० सेंटिमीटर उंच. असा उंचवटा २५–३० च्या वेगाने सहज ओलांडता येतो आणि त्यापुढे वेगाबरोबर त्रास वाढत जातो, आपल्याला नेमकं तेच हवं. मागणीत नुसतं "स्पीड ब्रेकर" लिहू नका, लांबी-उंची लिहा.

काम झाल्यावर स्वतः तपासा. प्रवासाच्या दिशेने, उंचवट्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत समपातळीत दोरी ताणून उंची घ्या. मध्यभागी १० सेंटिमीटर असेल तर कडेपासून ९२ सेंटिमीटर आत साडेसात भरली पाहिजे. तिथे नऊ भरली, तर चढ सुरुवातीलाच उभा झालाय आणि गाडी गचका खाणार. डांबर गरम असताना रोलर एकाच बाजूने फिरवला तर असं होऊ शकतं. म्हणून गोलाईचा प्लायवूडचा साचा जागेवर ठेवूनच काम करायला सांगा.

एक उंचवटा घालून उपयोग नाही, चालक तो ओलांडून पुन्हा वेग घेतो. ८० ते १०० मीटरला एक हवा आणि पहिला चौकापासून ५० मीटरच्या आत, वेग चढण्याआधीच. तुमच्या ३५० मीटरला चार लागतील: साधारण ४५, १३०, २१५ आणि ३०० मीटरवर.

जागा ठरवताना पाण्याकडे सगळ्यात आधी बघा. उंचवटा म्हणजे रस्त्यावरचा बांध. उताराच्या रस्त्यावर त्याच्या वरच्या बाजूला पाणी साचतं आणि तिथलंच डांबर पहिलं उखडतं. त्यामुळे गटाराची जाळी उंचवट्याच्या वरच्या अंगाला, लगत असायला हवी. कडेला गटारासाठी रुंद फट ठेवली तर दुचाकीवाले तिथूनच घुसतात, तेव्हा शेवटच्या ३० सेंटिमीटरमध्ये उंची उतरवत शून्यावर आणणं बरं. चेंबरच्या झाकणावर, वळणावर, तीव्र उतारावर किंवा कुणाच्या फाटकासमोर उंचवटा नको. दिव्याच्या खांबाजवळ हवा. पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक नसेल तर तो धोकाच.

दारासमोर नको म्हणणाऱ्यांचं चूक नाही. रिकामा ट्रक उंचवट्यावरून गेला की खडखडाट होतो, शिवाय ब्रेक आणि पुन्हा ॲक्सिलरेटर. दोन घरांच्या सामाईक कुंपणासमोरची जागा निवडा, झोपायच्या खोलीसमोरची नको.

बालवाडीपाशी मात्र गोल उंचवटा नको, सपाट माथ्याचं उंच क्रॉसिंग मागा. माथा निदान अडीच-तीन मीटरचा, फुटपाथच्या पातळीत, दोन्ही बाजूंना उतार. बाबागाडी आणि व्हीलचेअर न उतरता पलीकडे जाते. फक्त फुटपाथची कड नाहीशी होते, म्हणून दृष्टिहीनांना पायाखाली कळेल अशी खडबडीत फरशी दोन्ही टोकांना हवीच.

नवा_सचिव

खूप उपयोगी. मागच्या गल्लीचे लोक म्हणतायत, तुमच्याकडे ब्रेकर झाले की सगळ्या गाड्या आमच्याकडे वळतील. त्यापेक्षा आपला रस्ता एकदिशा करा. यात तथ्य आहे का?

पायवाट

भीती खरी आहे. आडवाटेने जाणाऱ्याला वाचणाऱ्या मिनिटाशी मतलब असतो, इथे अडलं की तो पलीकडून जातो. म्हणून मागच्या गल्लीतही आधी आणि नंतर गाड्या मोजा आणि अर्ज दोन्ही संघांच्या सहीने द्या. नाहीतर दोन संघ एकमेकांविरुद्ध अर्ज करत बसतात आणि दोन्ही फायली पडून राहतात.

एकदिशा मार्गाबद्दल सावध राहा. समोरून गाडी येण्याची धास्ती गेली की तोच चालक जास्त जोरात जातो. एकदिशा करायचाच असेल तर सोबत रस्ता अरुंद करावा लागतो: पार्किंग ५०–६० मीटर डावीकडे, मग तेवढंच उजवीकडे. सरळसोट पट्टा मोडतो आणि वेग आपसूक उतरतो. रंगाचे पट्टे आणि जड कुंड्या ठेवून आधी दोन-तीन महिने परवानगीने प्रयोग करता येतो. अग्निशमन दलाची गाडी वळते का, ते त्याच काळात त्यांच्याकडूनच तपासून घ्या.

चौकातला कोपरा तर लोक विसरतातच. कोपऱ्याची गोलाई मोठी असली की गाडी वेग न उतरवता आत शिरते. ती आवळून घेतली तर निम्मं काम गल्लीच्या तोंडाशीच होतं, आणि आवाजाची तक्रारही येत नाही.

"एवढ्याशा वेगाने काय होतं?" म्हणणाऱ्या सभासदांना फळ्यावर हा हिशेब दाखवा. चालकाला सावध व्हायला एक सेकंद लागतो असं धरलं तर कोरड्या रस्त्यावर ३० च्या वेगाची गाडी साधारण १३ मीटरवर थांबते. ५० ची गाडी तेवढ्या अंतरात ब्रेकसुद्धा लावू शकलेली नसते, ती २८ मीटरवर थांबते. ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहराने १९९२ मध्येच मुख्य रस्ते वगळता सगळीकडे ३० ची मर्यादा लावली, ती याच विचाराने. आणि प्रश्न केवळ अपघाताचा नाही. नगररचनेचे अभ्यासक डोनाल्ड ॲपलयार्ड यांनी १९६९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतले तीन रस्ते तपासले, तेव्हा कमी रहदारीच्या रस्त्यावर माणशी सरासरी तीन मित्र त्याच रस्त्यावरचे होते, भर रहदारीच्या रस्त्यावर एकही पुरता नव्हता (०.९). रहिवासी संघाला याहून जवळचा मुद्दा सापडणार नाही.

इतिवृत्त

अर्जाबद्दल थोडं. एका अर्जात एकच मागणी करा. दिवे, कचरा आणि वेग एकत्र लिहिलं की कागद तीन टेबलांवर फिरतो आणि कुणाचाच राहत नाही. सभेचा ठराव क्रमांक आणि तारखेसह जोडा. नकाशावर चारही जागा टोकापासूनच्या मीटरसह दाखवा आणि प्रत्येक जागेच्या दोन्ही बाजूंच्या घरांची लेखी संमती घ्या. गल्लीच्या सह्यांपेक्षा या आठ-दहा संमती जास्त कामाच्या, कारण काम सुरू झाल्यावर अडवायला हीच घरं पुढे येतात. भाडेकरू राहत असेल तर त्याचीही सही घ्या, आवाज त्यालाच ऐकायचाय.

वेगाचा तक्ता, गाड्यांची मोजणी, आणि "थोडक्यात वाचलं" अशा प्रसंगांची वही: तारीख, वेळ, जागा, दिशा, वाहनाचा प्रकार. मतं लिहू नका. मूळ प्रती संघाकडे, छायाप्रती अर्जासोबत, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच. काम झाल्यावर महिन्या-दीड महिन्याने त्याच जागी, त्याच वारी, त्याच वेळेला परत १०० गाड्या मोजा. पट्टे पुसट झाले की रंगवायचे कुणी, हेही पहिल्याच अर्जात विचारून ठेवा.