प्रेरणादायी पुस्तकांमुळे रोजचे जगणे खरोखर बदलते का? माझा उत्साह आठवडाभरात ओसरतो

प्रश्न (जुळे सोलापूर)

नमस्कार. मी अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम करतो. गेली चार वर्षे मी चरित्रे, आत्मचरित्रे आणि आयुष्य कसे घडवावे हे सांगणारी पुस्तके नियमाने वाचत आलो आहे. पुस्तक संपते त्या रात्री झोप लागत नाही. पहाटे पाचला उठायचे, पगारातला दहावा हिस्सा बाजूला ठेवायचा, संध्याकाळी तासभर अभ्यास करायचा, असे संकल्प मी नव्या वहीत लिहितो आणि आठ-दहा दिवसांत सारे पुन्हा होते तसे होते. कपाटात अशा सहा वह्या आहेत आणि प्रत्येकीची पहिली तीनच पाने भरलेली आहेत. घरचे म्हणतात, पुस्तकांचा खर्च तरी वाचव. मला ते पटत नाही, कारण वाचताना जे वाटते ते खोटे नसते, एवढी माझी खात्री आहे. मग दोष माझ्या स्वभावात आहे, पुस्तकांत आहे की माझ्या वाचण्याच्या रीतीत? एखाद्या पुस्तकामुळे ज्यांच्या रोजच्या व्यवहारात फरक पडला, त्यांनी नेमके काय बदलले ते कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर (निवृत्त शिक्षिका, सात रस्ता)

आपला प्रश्न वाचून मला गांधीजींचा १९०४ सालचा जोहान्सबर्ग ते डर्बन हा रेल्वेप्रवास आठवला. निघताना स्टेशनवर पोलाक या मित्राने इंग्रज लेखक रस्किनचे ‘अन टू धिस लास्ट’ हे पुस्तक त्यांच्या हाती दिले, ते त्यांना खाली ठेवता येईना आणि त्या रात्री झोपही आली नाही. वर्गात हा प्रसंग मी अनेकदा सांगितला आणि आता लक्षात येते की दर वेळी अर्धाच सांगितला. गांधीजी डर्बनला निघाले होते, कारण ‘इंडियन ओपिनियन’ या त्यांच्या साप्ताहिकाचा छापखाना तोट्यात असल्याचे तिथून कळले होते. म्हणजे पुस्तक उघडण्याआधीच एक अडलेला व्यवहार त्यांच्या डोक्यात घोळत होता. शिवाय आपल्याच मनात खोलवर असलेल्या काही श्रद्धा त्या पुस्तकात प्रतिबिंबित झालेल्या दिसल्या, असे त्यांनी आत्मकथेत स्वच्छ लिहिले आहे. पुढे काय झाले, तर डर्बनजवळ फिनिक्सला जमीन घेतली गेली, छापखाना तिथे हलला आणि काम करणाऱ्या सगळ्यांना, कोणताही भेद न करता, महिना तीन पौंड मिळावेत असे ठरले. रात्रभर जागवणाऱ्या विचाराला जागा, मजुरी आणि कामाची वाटणी असे रूप इतक्या लवकर मिळाले, ते आधीचा प्रश्न खरा होता म्हणून, असे मला वाटते.

आपल्या वह्यांतले संकल्प मला आपले वाटत नाहीत. पहाटे पाचला उठणे ही त्या पुस्तकाच्या लेखकाची गरज असेल. आपल्या कामात काय अडते, हे आपण अजून लिहिलेलेच नाही. पुढचे पुस्तक उघडण्यापूर्वी तेवढे एका ओळीत लिहा आणि तो कागद खूण म्हणून पुस्तकात ठेवा.

उत्तर (कुंभारी)

माझे उत्तर थोडे लांबेल. आम्ही गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. विडी कामगार बायकांसाठी दहा हजार घरांची ही वसाहत उभी राहिली, त्यात आईला घर मिळाले. शाळेपासून प्रत्येक अर्जावर मी हा पत्ता लिहीत आले, पण त्या नावाची बाई कोण, हे बारावी होईपर्यंत मला ठाऊक नव्हते. वाचनालयात त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हाती आले ते निव्वळ पत्त्यातल्या नावामुळे. ठाणे जिल्ह्यातल्या वारली आदिवासींनी गोदूताईंच्या नेतृत्वाखाली १९४५ साली वेठबिगारीविरुद्ध दिलेल्या लढ्याची ती हकिकत आहे आणि १९७२ साली तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

आमच्या घरात तेलुगू बोलतात आणि आईला मराठी वाचता येत नाही. मांडीवर सूप घेऊन ती विड्या वळायची, मी समोर बसून एकेक परिच्छेद मराठीत वाचायचे आणि मग तेलुगूत सांगायचे. तिची बोटे थांबत नसत. पान, तंबाखू, वळण, दोरा हे सगळे नजर न लावता चाले. मालकासमोर तोंड उघडायलाही घाबरणारे वारली पहिल्यांदा एकत्र बसून आपली गाऱ्हाणी मांडतात, त्या भागाशी मात्र ती थांबली आणि म्हणाली, “पुन्हा वाच.”

त्या सुमारास आई जिथे विड्या नेऊन देई तिथे रोज काही विड्या नापास म्हणून बाजूला काढल्या जात आणि त्यांचा हिशेब कुणीच सांगत नसे. पुस्तक अर्ध्यावर असताना आईने मला दिनदर्शिकेवर रोजचा आकडा लिहायला लावला: किती दिल्या, किती काढल्या. दोन महिन्यांनी गल्लीतल्या सात-आठ जणी आपापल्या दिनदर्शिका घेऊन तिथे गेल्या. सगळे प्रश्न सुटले असे मी म्हणणार नाही, परंतु त्यानंतर नापास विड्या त्यांच्यासमोर मोजल्या जाऊ लागल्या. आईला हजेरीपटावर सही करता येते, त्याहून जास्त अक्षरओळख नाही, आणि तरीही त्या पुस्तकाची आमच्या घरातली खरी वाचक तीच आहे, असे मी मानते.

उत्तर (औषध दुकान, नवी पेठ)

आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि १९४२ साली, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले, हे आपण सगळे जाणतो. त्यांच्याविषयी वाचताना माझे मन एका लहानशा गोष्टीत गुंतले: रुग्णांशी बोलता यावे म्हणून ते चिनी भाषा लिहा-बोलायला शिकले. आमच्या दुकानात कर्नाटकच्या सीमेवरच्या गावांतून पुष्कळ माणसे येतात आणि मी त्यांना गोळ्यांच्या वेळा खुणांनी सांगत असे. त्या वाचनानंतर मी वीसेक कन्नड वाक्ये पाठ केली. पहिल्यांदा एका आजोबांना “ऊट आद मेले”, म्हणजे जेवण झाल्यावर, असे सांगितले, तेव्हा त्यांनी पाकीट पुन्हा उघडले आणि आणखी दोन गोळ्यांविषयी विचारले. तोवर ते त्या अंदाजानेच घेत होते.

प्रश्नकर्ता (जुळे सोलापूर)

बाई, आपण सांगितल्याप्रमाणे एक ओळ लिहायला बसलो आणि तासभर काही सुचले नाही. शेवटी लिहिले ते असे: “पगाराच्या दिवशी विणकर माझ्या टेबलाशी भांडतात आणि मला त्यांचा राग येतो.” कुंभारीच्या ताईंचे उत्तर त्यानंतर पुन्हा वाचले. टॉवेलांतही खराब माल बाजूला निघतो, त्याचे पैसे कापले जातात आणि ती कपात माझ्याच हाताने लिहिली जाते. विणकराला कळतो तो फक्त शेवटचा आकडा. या आठवड्यापासून प्रत्येकाला किती नग झाले, किती खराब निघाले आणि कशामुळे, याची चिठ्ठी पगाराच्या आदल्या दिवशी देतो आहे. सातव्या वहीची पाने त्यासाठीच फाडली. ताई, आपल्या आईंना सध्या कोणते पुस्तक वाचून दाखवता?