बर्फातल्या कॅम्पसाठी आधी काय शिकू?

हिवाळी_पाखरू:
नमस्कार मंडळी, मी आउटडोअर एज्युकेशनचा कोर्स करतेय आणि आता हिवाळी मॉड्यूल आलंय, म्हणजे बर्फात तंबू, एक रात्र स्वतः खोदलेल्या बर्फाच्या गुहेत आणि वर प्रत्येकाने बाकीच्यांना एक कौशल्य शिकवायचं. एरवीचे कॅम्प भरपूर झालेत पण बर्फात मुक्काम कधीच नाही. सध्या चकमकीने आग पेटवायचा सराव चाललाय, व्हिडिओ बघून बघून डोकं फिरलंय. स्लीपिंग बॅगवर उणे १० लिहिलंय, तर उणे ८ ला निभेल ना? आणि शिकवायला काय घेऊ, आग की गुहा?

रानवाट:
चकमक शिक, मजा येते, पण खिशात दोन लायटर ठेव आणि विषय संपव. बर्फात माणसाला गारठवतो तो त्याचाच घाम. चढताना भारी जॅकेट अंगात, आतून बनियन ओलं, मग थांबलं की दहा मिनिटांत हुडहुडी. ओल्या कपड्यातून अंगातली ऊब भसाभसा जाते, म्हणून सुती काही नकोच, लोकर किंवा सिंथेटिक. निघताना जरा थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर घातलेत समज. चालायला लागल्यावर गरम व्हायच्या आधी एक थर काढायचा, थांबल्याबरोबर चढवायचा. ऐकायला फालतू वाटतं पण निम्मे लोक आळसापायी हेच करत नाहीत.

गारठा:
बॅगेचं सांगतो. आयएसओ २३५३७ (स्लीपिंग बॅगचं आंतरराष्ट्रीय मानक) प्रमाणे लेबलवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे आकडे असतात आणि मोठ्या अक्षरात छापलेला बऱ्याचदा लिमिटचा असतो. लिमिट म्हणजे अंग आखडून पडलेल्या पुरुषाची रात्र कशीबशी निघेल तो. तू कम्फर्टचा बघ, तो उणे ४-५ निघाला तर उणे ८ ला काकडशील. आणि मॅट विसरू नकोस!! खालून जमीन ऊब ओढून घेते आणि बॅगेचा खालचा भाग तर तुझ्याच वजनाने चेपलेला असतो. फोमची मॅट खाली, हवेची वर, दोघींच्या आर-व्हॅल्यूची (मॅट थंडी किती अडवते त्याचा आकडा) बेरीज होते, ती ५ च्या वर जाऊ दे. झोपताना गरम पाण्याची बाटली घट्ट बंद करून मांड्यांमध्ये. आणि रात्री लघवीला लागली तर उठून जा बाई, दाबून पडलं तर झोपही नाही नि आरामही नाही.

रानवाट:
+१, बाटलीवरून आठवलं, दिवसा पाण्याची बाटली पिशवीत उलटी ठेवायची, पाणी वरून गोठतं ना, मग झाकणाचा भाग मोकळा राहतो. बर्फ वितळवताना भांड्यात आधी थोडं पाणी घाल नाहीतर तळ करपतो आणि पाण्याला जळका वास येतो. गॅसचा डबाही बघून घे, साधं ब्युटेन शून्याच्या आसपासच मान टाकतं, प्रोपेन मिसळलेलं पाहिजे किंवा सरळ द्रव इंधनाचा स्टोव्ह. स्टोव्ह बंद तंबूत किंवा गुहेत अजिबात नाही, कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो.

हिवाळी_पाखरू:
बापरे, लेबल बघितलं, कम्फर्ट उणे ३ आहे 😬 दुसरी बॅग मागून घेते. मग शिकवायला गुहा घेतली तर?

फावडेबहाद्दर:
गुहा घे, पण उभं करून लेक्चर देऊ नकोस. शिकवणारा हातवारे करत गरम असतो आणि समोरचे पाय आपटत गारठत असतात, नवीन इन्स्ट्रक्टर इथेच फसतात. पहिल्या मिनिटाला फावडी हातात दे. बर्फाचा ढीग रचायचा, तोच नंतर आतून कोरून गुहा होते, निदान दीड-दोन तास घट्ट बसू द्यायचा, तोवर मंडळींना भिंतीच्या मापाच्या काड्या आणायला पाठव. फूटभर लांबीच्या काड्या बाहेरून सगळीकडे खुपसायच्या, आतून कोरताना काडीचं टोक दिसलं की तिथे थांबायचं. झोपायचा ओटा दाराच्या वरच्या पातळीला, कारण थंड हवा खाली उतरते. छत आतून गुळगुळीत घुमटासारखं, खडबडीत राहिलं तर तोंडावर थेंब पडत राहतात. खोदणारा चिंब होतो, म्हणून वरून वॉटरप्रूफ, आत कमी कपडे, सुके हातमोजे वेगळे बांधून.

शिकवताना एक डोळा हातांवर ठेव. कुणाला झिप लागेना, बोलणं जड झालं, गप्प गप्प राहायला लागला, तर खोदकाम थांबवून आधी सुके कपडे नि गरम काहीतरी. थंडीने कापणं आपोआप थांबलं आणि माणूस बरळायला लागला तर ते बरं वाटल्याचं लक्षण नाही, आडवं झोपवायचं, हळुवार हाताळायचं, लगेच मदत मागवायची. बोटं पांढरी-बधिर पडली तर चोळायची नाहीत.

हिवाळी_पाखरू:
भारी, लिहून घेतलं. हवेसाठी भोक किती मोठं?

फावडेबहाद्दर:
मूठ जाईल एवढं, आणि त्यातून ट्रेकिंगची काठी आरपार ठेव, रात्री बर्फ पडला तर आतूनच हलवून मोकळं करता येतं. फावडं बाहेर ठेवू नकोस, आत घेऊनच झोप.