इंटिग्रेशनची शंभर गणितं सोडवून नेमकं काय येतं?

कोनमापक:
माझं मत सरळ आहे. इंटिग्रेशनचे (बारीक तुकड्यांची बेरीज करून क्षेत्रफळासारखं एकूण काढायच्या गणिताचे) सरावसंच निम्म्याने कापा. सब्स्टिट्यूशनची ४० गणितं, मग बाय पार्ट्सची ४०, मग पार्शल फ्रॅक्शन्स, एकेका पद्धतीचा ढीग. हात चालतो, डोकं झोपतं. परवा चांगले मार्क पाडणाऱ्या एका मुलाला सांगितलं, य = क्ष आणि य = क्ष³ यांच्यामधलं −१ ते १ क्षेत्रफळ काढ. त्याने एकातून दुसरं वजा केलं, इंटिग्रेट केलं, उत्तर आलं शून्य. आणि गडी पुढच्या गणिताला लागला! आकृती काढली असती तर दोन पाकळ्या दिसल्या असत्या. शून्याच्या डावीकडे घन वर असतो, उजवीकडे सरळ रेषा. दोन्ही पाकळ्या वेगळ्या मोजायच्या, उत्तर १/२.

खडूफळा:
यात सरावाचा काय दोष? आकृती काढायची सवय नाही, एवढंच. तुमच्या कापाकापीने उलट नुकसान होईल. ही तीन बघा: १/(१+क्ष²), क्ष/(१+क्ष²), क्ष²/(१+क्ष²). दिसायला सख्खी भावंडं. पहिल्याचं उत्तर टॅन इन्व्हर्स, दुसऱ्याचं १/२ लॉग (१+क्ष²), तिसऱ्यात १ वेगळा काढला की क्ष वजा टॅन इन्व्हर्स. पाहताक्षणी हे ओळखता येणं दहा गणितांत येत नाही हो. ताना घोटल्याशिवाय गळा तयार होतो का?

शेवटचा बाक:
दोघांच्या मधे तोंड घालतो. गणितं किती यापेक्षा ती लावलीत कशी, ते बघा. वर 'बाय पार्ट्स' असं शीर्षक आणि खाली ४० गणितं, म्हणजे पेपर आधीच फुटलेला. पद्धत कोणती हे ठरवणं हेच तर खरं काम, आणि तेच शीर्षकाने करून टाकलं. सगळी मिसळून द्या, मग १०० द्या नाहीतर २००.
(अवांतर: साइन गुणिले कॉसचं इंटिग्रल मी साइन वर्ग भागिले २ काढलं होतं, पाठीमागच्या उत्तरात वजा कॉस वर्ग भागिले २. रात्रभर चूक शोधत बसलो. दोन्ही बरोबर! फरक फक्त १/२ चा, तो उत्तराच्या शेवटी लिहायच्या 'अधिक सी' या स्थिरांकात जिरतो. तोवर 'अधिक सी' मला शेपटीसारखं वाटायचं.)

कोनमापक:
मिसळण्याला माझी हरकत नाही. पण खडूफळा, तुमच्या तयार गळ्याच्या मुलाला १/क्ष² चं −१ ते १ इंटिग्रल द्या. अँटिडेरिव्हेटिव्ह (ज्याचं डेरिव्हेटिव्ह घेतलं की मूळ फंक्शन मिळतं ते) −१/क्ष, लिमिट्स घातल्या, उत्तर −२. फंक्शन सगळीकडे धन आणि इंटिग्रल ऋण! मधे शून्यापाशी फंक्शन अनंताकडे पळतंय, त्यामुळे हे इंटिग्रल अस्तित्वातच नाही. घोटलेल्या हाताला हे दिसत नाही.

खडूफळा:
मान्य, हे मी वर्गात मुद्दाम देतो. तरी त्या मुलाला −१/क्ष लिहिता आलं म्हणून −२ खटकण्यापर्यंत तो पोचला.

अर्धवर्तुळ:
तुम्ही सगळे मुळात सुटणाऱ्याच गणितांबद्दल भांडताय. ई चा घात वजा क्ष² घ्या. याचं अँटिडेरिव्हेटिव्ह नेहमीच्या फंक्शनांत लिहिताच येत नाही. पण सिम्प्सनच्या नियमाने (पट्ट्या पाडून अंदाजे क्षेत्रफळ काढायची रीत) चार पट्ट्या पाडल्या तर ० ते १ साठी ०.७४६९ येतं, खरी किंमत ०.७४६८. सरावसंचात असं एकही गणित नसतं, म्हणून मुलांना वाटतं की प्रत्येक इंटिग्रलला कुठलीतरी युक्ती असतेच. मी तर म्हणतो उपयोजनं द्या. १ मीटर त्रिज्येची, २ मीटर उंचीची भरलेली दंडगोल टाकी. सगळं पाणी वरच्या काठापर्यंत उपसायला किती कार्य? प्रत्येक थराला वेगळी उंची चढायची, म्हणून इंटिग्रेशन. एक घनमीटर पाण्याचं वजन ९८०० न्यूटन, य म्हणजे थराची तळापासूनची उंची; म्हणून ९८०० पाय (π) गुणिले (२ − य), ० ते २. उत्तर १९६०० पाय, सुमारे ६१,६०० ज्यूल.

खडूफळा:
त्यात इंटिग्रेशन हवंच कशाला? पाण्याचं वजन १९६०० पाय न्यूटन, गुरुत्वमध्य १ मीटर खाली. गुणाकार केला, संपलं. उपयोजनाच्या नावाखाली तुम्हीही घोटूनच घेताय.

अर्धवर्तुळ:
हा हा, पकडलंत. मग टाकी शंकूची घ्या, टोक खाली, मापं तीच. आता थराची त्रिज्या य/२. उत्तर ९८०० पाय भागिले ३. गुरुत्वमध्याने हेच येतं, काठापासून अर्धा मीटर खाली. फक्त तो अर्धा मीटर कुठून आणलात, तेवढं इंटिग्रेशन न करता दाखवा.