चीनची दुहेरी किंमत पद्धत (१९८५): हुशार चाल की दलालीचा परवाना?

तराजू
मे १९८४ च्या नियमानुसार चीनमधल्या सरकारी कारखान्यांना सरकारला द्यायच्या ठरलेल्या कोट्याच्या वरचा माल सरकारी भावापेक्षा फार तर २०% चढ्या दराने विकता येत होता. १९८५ च्या सुरुवातीला ही मर्यादाही गेली आणि एकाच गोदामातल्या पोलादाला अधिकृतपणे दोन भाव झाले. या पद्धतीचं नाव निघालं की चर्चा थेट भ्रष्टाचारावर जाते. माझ्या मते चीनच्या आर्थिक सुधारणांच्या पहिल्या दशकातली ती सर्वांत हुशार चाल होती.

समजा, कोटा ८० हजार टन, सरकारी भाव टनाला ७०० युआन आणि बाजारभाव १४००. कोटा पोचवला की पुढचा प्रत्येक टन १४०० ने जातो. म्हणजे उत्पादन वाढवायचं की नाही, हे बाजारभाव ठरवतो. आणि स्वस्त पोलादावर जगणारा जुना सरकारी ग्राहकही एका रात्रीत बुडत नाही. कोटा आहे तिथेच ठेवला की उत्पादन वाढेल तसा त्याचा वाटा आपोआप घटतो.

खडूस
गणित सुरेख आहे, पण कोटा आहे तिथेच राहतो हे कुणी सांगितलं? दरवर्षी कारखाना आणि मंत्रालय यांच्यात घासाघीस चालायची. यंदा जास्त माल काढला तर पुढच्या वर्षी कोटा वाढेल, म्हणून क्षमता लपवायची. शिवाय 'कोळसा वेळेवर आला नाही' असं कळवून कोट्याची खेप अडवायची आणि तोच माल बाजारात सोडायचा.

आणि खरी कमाई पोलाद वितळवण्यात नव्हती. सरकारी भावाने माल उचलायची वाटपाची चिठ्ठी मिळवायची, ती वर नफा ठेवून दुसऱ्याला विकायची, त्याने तिसऱ्याला. माल गोदामातून हलायच्या आधीच भाव दुप्पट. चिठ्ठीवर सही करणारे आणि ती मिळवणारी पोरं एकाच घरातली! १९८९ मध्ये बीजिंगच्या रस्त्यांवर अधिकाऱ्यांच्या दलालीविरुद्ध घोषणा उगाच झाल्या नाहीत. हायनानचंही बघा: १९८४-८५ मध्ये या बेटाने तब्बल ८९ हजार मोटारी आयात केल्या आणि त्यातल्या बऱ्याच मुख्य भूमीवर विकायला काढल्या.

ऊसतोड
हे तर आपल्या लेव्ही साखरेसारखंच झालं. ठरलेला हिस्सा सरकारला कमी भावात, उरलेली खुल्या बाजारात. आपल्याकडे त्यातून कुठे क्रांती झाली?

तराजू
ऊसतोड, फरक नेमका तिथेच आहे. आपली लेव्ही उत्पादनाच्या टक्केवारीत होती, म्हणजे प्रत्येक जादा पोत्यातलाही हिस्सा सरकारी भावाने जायचा. चीनचा कोटा टनांत होता.

खडूस, हायनानचं उदाहरण इथे बसत नाही. तिथे बेटाला दिलेल्या आयात सवलतीचा गैरवापर झाला. पोलादाच्या दोन भावांचा त्याच्याशी संबंध नाही. चिठ्ठ्यांचा मुद्दा मात्र मान्य. पण खुला भाव नसता तर च्यांगसू प्रांतातल्या गावांच्या कारखान्यांनी पोलाद आणलं कुठून असतं? स्वस्त सरकारी वाटपात त्यांना वाटा नव्हताच, ते महागडा माल विकत घेऊनच उभे राहिले. अशा ग्रामीण उद्योगांतला रोजगार १९७८ मध्ये २.८ कोटी होता, १९९६ मध्ये १३.५ कोटी.

नाणेघाट
दोघेही पैशाचा पुरवठा विसरताय. पुढच्या वर्षीची कर्जमर्यादा १९८४ च्या कर्जवाटपावरून ठरणार, हे कळल्यावर बँकांनी वर्षअखेरीस कर्जं अक्षरशः उधळली. चलन त्या एका वर्षात जवळपास निम्म्याने वाढलं. १९८८ मध्येही तेच. ऑगस्टमध्ये किमती मुक्त करण्याची योजना जाहीर होताच लोकांनी ठेवी काढून मीठ, साबण, टीव्ही, मिळेल ते उचललं. महिनाअखेरीला सरकारने माघार घेतली आणि सप्टेंबरपासून तीन वर्षं किंवा त्याहून लांब मुदतीच्या ठेवींना महागाईची भरपाई जोडली. त्या वर्षीची महागाई १८ टक्क्यांवर. पक्षाचे सरचिटणीस चाओ झियांग यांच्या हातून अर्थकारण पंतप्रधान ली पेंग आणि उपपंतप्रधान याओ यिलिन यांच्याकडे गेलं ते यामुळे. दोन भाव नसते तरी हे झालं असतं.

खडूस
झालं असतं, पण नोटा स्वस्त असताना दोन भावांतली दरी रुंदावते आणि चिठ्ठीची किंमतही. हे वेगळं काढता येत नाही.

तराजू
म्हणूनच दरी कमी असताना भाव एक करायचे. १९८९-९० मध्ये पतपुरवठा आवळल्यावर बाजारभाव खाली आले, आणि पुढच्या तीनेक वर्षांत बहुतेक पोलादाचे भाव फारशी बोंब न होता एक झाले. परकीय चलनाचंही तसंच: १ जानेवारी १९९४ ला डॉलरचा अधिकृत दर ५.८ वरून ८.७ युआन झाला, पण बहुतेक व्यवहार आधीच बाजारदराने होत होते.

खडूस
सोयीची उदाहरणं निवडलीत. वीजकेंद्रांचा कोळसा? त्याचे दोन भाव २०१२ च्या अखेरपर्यंत चालले. बाजारात कोळसा चढला की खाणी कराराचा माल रोखायच्या किंवा त्यात दगड-माती मिसळायच्या, आणि विजेचे दर बांधलेले असल्याने केंद्रं तोट्यात जाऊन वीजनिर्मितीचे संच बंद ठेवायची. जिथे त्या मालापासून बनणाऱ्या वस्तूचा (इथे विजेचा) भाव सरकारच्या हातात राहिला, तिथे तुमचा 'आपोआप घटणारा' कोटा वीस वर्षं हलला नाही.