खोकल्याने लघवी गळते म्हणजे निदान झालं?

रेवती: कालच्या धाग्यात एका बाईंनी ठोकून दिलंय, "खोकताना गळलं तर स्नायू सैल, घाईने गळलं तर मूत्राशय चाळवलेलं. तपासण्या म्हणजे पैसे उकळणं." मीही डॉक्टरांना हेच सांगितलं होतं, खोकताना गळतं. दोन वर्षं ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, मग ऑपरेशनची तारीख. त्याआधी युरोडायनॅमिक, म्हणजे मूत्राशयातला दाब मोजणारी तपासणी, केली. मूत्राशयात बारीक नळी, आत सलाइन भरतंय, तंत्रज्ञ म्हणाली, खोका. खोकले. काहीच नाही. तीन-चार सेकंदांनी पडद्यावरची रेघ चढली आणि भसकन सगळं बाहेर. खोकल्याने मूत्राशयच आवळत होतं! ऑपरेशनमध्ये मूत्रमार्गाखाली आधाराची टेप घालून काय साधलं असतं?

चिकित्सक: म्हणून सगळ्यांना नळ्या घालायच्या? 2012 साली अमेरिकेतला 630 बायकांचा अभ्यास आला. निम्म्यांची ऑपरेशनआधी युरोडायनॅमिक केली, निम्म्यांची नाही. वर्षाने दोन्हीकडे यश 77 टक्क्यांच्या आसपास.

रेवती: त्या निवडून घेतलेल्या होत्या हो. डॉक्टरांसमोर खोकून गळती दिसलेली, जंतुसंसर्ग नाही, लघवीनंतर आत 150 मिलीपेक्षा कमी उरलेली. ही तपासणी नाही तर काय?

मंजिरी: तुमचं चालू द्या. मला ती तीन दिवसांची डायरी काढणारा माणूस भेटायला हवाय. किती प्यायलं, किती गेलं, मिलीत! ऑफिसात पर्समध्ये मापाचा मग घेऊन फिरले.

अनामिका: मी बाळाची जुनी दुधाची बाटली वापरली. खुणा आयत्या.

मंजिरी: 😂 आणि शेजारची विचारते, कितवा महिना?

चिकित्सक: विषय काय, चाललंय काय!

मंजिरी: विषय हाच आहे, साहेब. मी दिवसाला साडेतीन लिटर ढोसत होते हे त्या मेल्या डायरीनेच दाखवलं. नळी नाही, गोळी नाही, पिणं आवरलं. आधीच्या डॉक्टरांनी तर "वय झालं" म्हणून वाटेला लावलं होतं. वय बेचाळीस!

अनामिका: मला छत्तिसाव्या वर्षी तेच ऐकवलं.

चिकित्सक: बरं, रेवतीबाई, तुम्ही जिंकलात. घाईही होते, आधी ऑपरेशन झालंय, लघवी पूर्ण होत नाही, अशांनी करावी युरोडायनॅमिक. व्यायामाआधी तरी नको ना?

रेवती: व्यायामाआधी करा असं म्हटलंय कुठे? तीन महिने नीट शिकून करा, मग बघा. मला तर कोणी शिकवलेही नव्हते, कागद हातात दिला होता. मी सुरीबद्दल बोलतेय. वरचं नीट वाचा.