साइड मिररमध्ये आपलीच गाडी किती दिसायला हवी?

नवी_चालक
लायसन्स मिळून दोन महिने झालेत. परवा लेन बदलायची होती म्हणून आतल्या आरशात बघितलं, साइड मिररमध्ये बघितलं, दोन्हीकडे मोकळं, इंडिकेटर दिला, स्टिअरिंग जरासं वळवलं तर खिडकीला अगदी लागून हॉर्न! मोटरसायकलवाला होता, माझ्या मागच्या दाराशी, आणि दोनपैकी एकाही आरशात नव्हता. त्याने ब्रेक मारला म्हणून निभावलं, पण आठवलं की अजून पोटात गोळा येतो. शिकवणाऱ्या सरांनी सांगितलं होतं की मिररमध्ये मागच्या दाराचं हँडल दिसलंच पाहिजे, तसेच लावलेत, त्यामुळे पाव मिररभर माझ्याच गाडीचा पत्रा दिसतो. भाऊ म्हणतो गाडी अजिबात दिसायला नको. कोणाचं बरोबर? प्लीज नीट सांगा.

जुनं_स्टिअरिंग
भावाचं बरोबर आहे. पाठीमागचं सगळं आतला आरसा दाखवतोच, मग तेच चित्र साइड मिररमध्ये परत कशाला? तो पत्रा दिसतो तेवढी शेजारच्या लेनमधली जागा तुम्ही गमावताय, आणि तुमचा मोटरसायकलवाला नेमका तिथेच होता.

आधी सीट पक्की करा, पाठ टेकवून, जसे रोज बसता तसे. मग आतला आरसा, मागची काच पूर्ण दिसेल असा. आता डोकं आपल्या खिडकीच्या काचेला टेकवा आणि त्या बाजूचा मिरर बाहेर फिरवत न्या, गाडीची कड जेमतेम दिसतेय तिथे थांबा. मग दुसऱ्या बाजूला झुका, डोकं दोन सीटच्या मधोमध आलं पाहिजे, आणि तिकडचा मिररही तसाच लावा. सरळ बसलात की गाडी दिसणार नाही, तेच हवंय. हे माझ्या डोक्यातलं नाही, जॉर्ज प्लॅट्झर यांनी १९९५ साली एसएई या वाहन इंजिनिअरांच्या संस्थेच्या पेपरात मांडलंय. नेहमीच्यापेक्षा मिरर साधारण १५ अंश बाहेर जातो.

मग गाडी बाजूला उभी करून शेजारून जाणाऱ्या गाड्या बघत बसा. आतल्या आरशातून गाडी निसटायच्या आत साइड मिररमध्ये यायला हवी, आणि तिथून जायच्या आत तिचं नाक डोळ्याच्या कोपऱ्यात दिसायला हवं. मध्ये कुठे गायब झाली तर मिरर अजून थोडा हलवा.

पार्किंगवाला
वरच्याशी सहमत, पण मी स्वतः गाडीची एक बारीक रेघ ठेवतो, नाहीतर शेजारची गाडी नक्की किती लांब आहे याचा मला अंदाजच येत नाही. आणि रिव्हर्स घेताना मिरर खाली वाकवावा लागतो, मागचं चाक आणि फुटपाथची कड दिसायला. निघताना तो परत वर करायला विसरू नका, मी एकदा तसाच निघालो होतो आणि अर्धा रस्ता मिररमध्ये डांबरच बघत होतो.

दुसरं म्हणजे साइड मिरर बाहेर फुगीर असेल तर जास्त जागा दिसते खरी, पण गाड्या लहान आणि लांब वाटतात. आतला आरसा सहसा सपाट असतो, तेव्हा अंतराचा अंदाज त्यातून घ्या.

आणि कसाही लावा, लेन बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर टाकायचीच. सायकल, मोटरसायकल बारीक असते, कुठेही लपते.

नवी_चालक
आज करून बघितलं!! काचेला डोकं टेकवून बसले होते तर शेजारचे बघत होते, बघू देत. एक बस आतल्या आरशातून सरकत मिररमध्ये आली आणि मिररमधून सुटायच्या आतच तिचं तोंड खिडकीत दिसलं, मध्ये गॅप नाहीच. पण एक सायकल क्षणभर हरवली, मग मिरर चिमूटभर अजून फिरवला. चालवताना पहिली दहा मिनिटं फार विचित्र वाटलं, सारखी माझीच गाडी शोधत होते. सरांनाही सांगणार आहे, त्यांच्याकडे शिकणारी मुलं बरीच आहेत.

अजून एक, रात्री मागच्या गाडीचे दिवे आतल्या आरशातून थेट डोळ्यात येतात, त्यासाठी आरसा तिरका करू का?

जुनं_स्टिअरिंग
तिरका नको, लावलेलं सगळं बिघडेल. आरशाच्या खाली छोटी कळ आहे का बघा, ती ओढली की दिवे मंद दिसतात. सकाळी परत सरळ करा.